पाळणाघराच्या पाइपांची पूजा

"बाई, कुठला पाइप कुठला, काही कळत नाही," फिटर युसूफभाई म्हणाले आणि कपाळाला हात लावून खाली बसले.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली, नेवाशाकडच्या एका पाझर तलावाच्या कामावरची. मी तिथे एका संस्थेची वेल्फेअर ऑफिसर होते. बायका दिवसभर माती वाहायच्या. त्यांची तान्ही मुलं बांधाकडेला, लुगड्याच्या तुकड्याखाली उन्हात पडलेली असायची. आदल्याच आठवड्यात ऊन लागून एक बाळ फार आजारी पडलं होतं. म्हणून संस्थेने पाळणाघरासाठी प्रीफॅब शेड पाठवली. हल्ली लोक घरामागे ग्रीनहाउस उभं करतात, तसंच हे. कारखान्यात कापलेले पाइप आणायचे आणि जागेवर नटबोल्टांनी जोडायचे.

ओव्हरसियर साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "फिटर आजचाच आहे. संध्याकाळपर्यंत सांगाडा उभा राहिला नाही, तर सगळं ट्रकमध्ये भरून दुसऱ्या साइटवर जाईल."

शेडचं छप्पर एका बाजूला उतरतं होतं. त्यामुळे पाइपांच्या लांबीत थोडाथोडा फरक होता. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नसे. म्हणून कारखान्याने टोकांना रंगाचे ठिपके दिले होते. लाल टोक लाल टोकाला जोडायचं, पिवळं पिवळ्याला. युसूफभाईंनी पाइप ओळीने मांडले. मग आम्ही दोघं दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन जागेचे कोपरे आखायला गेलो. आखणी चुकली की पुढे एकही बोल्ट बसत नाही.

परत आलो तर सगळ्या पाइपांच्या दोन्ही टोकांना हळदकुंकू! तेही ओलं करून, ठसठशीत. आता सगळीच टोकं लाल आणि पिवळी.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"आमी," गंगूबाई म्हणाल्या. बायकांच्या टोळीत त्यांचा शब्द चालायचा. "लेकरं निजनार हायेत त्याच्याखाली. पूजा नको व्हय?"

"चांगलं केलंत. पण आता ते पुसावं लागेल."

सगळ्या दोन पावलं मागे सरकल्या. कुंकू पुसणं म्हणजे काय, ते तुमच्या आईला विचारा.

"न्हाई बाई," गंगूबाई म्हणाल्या. "दुसरं कायबी सांगा."

युसूफभाईंनी टेप काढला. "एकेक मोजून लावायचा म्हटलं तर अंधार पडेल."

कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. गंगूबाईंनी तिकडे पाहिलं, पण जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ बसले.

"गंगूबाई, घरचे देव धुता की नाही?"

"धुते की. रोज."

"मग कालचं कुंकू कुठं जातं?"

"देवाला आंगूळ घालनं येगळं, अन् पुसनं येगळं."

"मग आंघोळच घाला."

"अन् पुन्यांदा कुंकू लावायचं. ते मातर राहून द्यायचं न्हाई."

"जरूर लावा. फक्त मधोमध लावा. टोकाला नको."

"मग तसं सांगायचं की आधी!" त्या उठल्या. "ए, पानी आना गं! जपून सांडा, टँकर उद्याच्याला येनार हाय."

एकीने तांब्याने थेंबथेंब पाणी सोडायचं, दुसरीने फडक्याने टिपायचं. कुंकू वाहून गेलं, ऑइलपेंटचे ठिपके तसेच राहिले. युसूफभाई एकेक पाइप उचलू लागले. "चला, या देवांची आंघोळ झाली. पुढचे आणा!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

साहेब ट्रक घेऊन आले तेव्हा सांगाडा उभा होता आणि युसूफभाई शेवटचे पत्रे बसवत होते. प्रत्येक खांबाच्या मधोमध कुंकू होतं. साहेबांनी ते पाहिलं आणि रिकामा ट्रक परत पाठवला. दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या बायकांनी आधी मुलं सावलीत निजवली आणि मग पाट्या उचलल्या.

पुढच्या शेडची मागणी पाठवताना मी ठिपक्यांच्या रंगांच्या रकान्यात निळा आणि काळा लिहिला. संस्थेने कारण विचारलं. मी कळवलं, "स्थानिक परिस्थिती."