किचनपुरता भूकंप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, अशी अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या कॅरी गावात ख्याती आहे — मी एका हरणाला पॅरलल पार्किंग शिकवल्याची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पण हे राहिलं.

माझ्या फ्रीजवर एक कागद आहे. त्यावर उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटी, मधोमध एक ठिपका. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला. नजर जाणं हे गरीब देशांतलं दुखणं, असं मी समजत होतो. त्या म्हणाल्या, इथे मोतीबिंदू वेळेवर काढतात, पण वय, डायबेटिस, काचबिंदू इथेही नजर नेतात. माझ्या डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यावर वयाचे डाग दिसू लागले होते. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं — वेळेत इंजेक्शन दिलं तर नजर वाचू शकते.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा तसलं जेवण. दिलीप, माझा तीस वर्षांचा मित्र, हातात प्लेट घेऊन भिंतीकडे बघत म्हणाला, “अरे, तुझ्या टाइल्स लाटांसारख्या दिसतायत. कालपासून घरचं दारही वाकडं दिसतंय.”

वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. काय करायला हवं होतं? त्याला बाजूला घ्यायचं — एवढंच ना?

“दिल्या, टाइल्स बसवल्या त्या दिवशी भूकंप झाला होता,” मी म्हणालो. “फक्त माझ्या किचनपुरता.”

मग काय — पंधरा मिनिटं. उडालेला कुकर, टेबलाखाली बायको, आणि पाठीने फ्रीज थोपवून धरणारा मी. ते दाखवायला मी फ्रीजला पाठ लावून उभा राहिलो. कागद माझ्या पाठीमागे गेला. चुकून? — नाही.

दिलीप सगळ्यांत जास्त हसला. दाराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. पण मग काल का बोलला नाहीस, हे आलं असतं. नाही केला.

चार महिन्यांनी तो डॉक्टरकडे गेला. उशीर झाला होता. दुसरा डोळा तर लहानपणापासूनच अधू. आता वहिनी त्याला ड्राइव्ह करून आणतात. नातीचा चेहरा त्याला मधोमध पुसलेला दिसतो. मला बघायचं, तर तो माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघतो.

गेल्या रविवारी म्हणाला, “यार, तो भूकंप सांग ना.”

मी सांगितला. नवा मसाला घालून.

कागद अजून तिथेच आहे. आज सकाळीही बघितला. माझ्या रेषा सरळ आहेत.