आडव्या नारळाचा रकाना

मी तिसरी नापास. पण जमिनीखालचं पाणी वरून सांगतो, आणि चाळीस वर्षं माणसं ते ऐकत आली. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी वावर फिरायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. तिथं दगड ठेवायचा, बोरची गाडी बोलवायची.

यंदा धारूरकडं दिलेल्या लेकीचा बोर होता. एकच पाडायचा, दुसऱ्याला पैसा नव्हता. नारळ उभा राहिला पार पलीकडच्या बांधाला. तिथं विजेचा खांब नाही. हातपंप बसवून घागरी डोक्यावर वाहायच्या. घराजवळ नारळ आडवा तो आडवाच. लेक गुडघा चोळत उभी राहिली.

तिची पोरगी बीडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आबा, नारळ आडवा पडला तिथं आजवर किती बोर पाडले?"

"येडी का खुळी? आडवा पडल्यावर कोण पाडंल?"

"मग तिथं पाणी न्हाई, हे कुणी बघितलं?"

"चाळीस वर्सं मी काय माश्या मारल्या का?" मी ओरडलो. जेवायला बसलो. उठलो, अंगणात फिरलो, परत बसलो, परत उठलो.

पाडले होते काहींनी. माझं न ऐकणाऱ्यांनी. कुणी भावाशी ईर्षा म्हणून, कुणी खांब जवळ म्हणून. त्यांच्या दारात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बोर घ्यायला आठ दिवस होते. सकाळची एसटी धरली.

चार दिवस गावं हिंडलो. एका जुन्या सोबत्यानं दारातच धरलं, "का बे म्हाताऱ्या, पाणी बघाया आलास का नाक घासाया?"

"बोर दाखव आन् गप बस," म्हणालो. पाणी होतं. वर त्यानं तांब्याभर पाजलंही.

लेकीच्या घरी येऊन त्या गावांतले उभ्या-आडव्या दोन्ही नारळांचे बोर सांगितले. नातीनं दोन रकाने आखले. नारळ उभा: चोवीस बोर, सोळांना पाणी. उरलेल्या आठांचं खापर मी नेहमी गाडीवाल्याच्या माथी फोडायचो. नारळ आडवा: नऊ बोर, सहांना पाणी.

"इकडं तिनात दोन, तिकडंबी तिनात दोन," ती म्हणाली. "नारळ कसाबी पडू दे, पाण्याचा अंदाज तोच ऱ्हातो. दोघांचा एकमेकाशी संबंध दिसत न्हाई, आबा."

"नऊच तर हायत."

"हां, लई थोडे हायत. अजून मिळाले तर फरक निघंलबी. आत्ता तरी न्हाई दिसत."

ती नारळ खोटा म्हणाली असती तर भांडलो असतो. तसं ती म्हणालीच नाही.

गाडी आली. जावई म्हणाले, "मामा, पलीकडं न्यायची ना?"

"घराजवळ लावा."

"नारळ तर आडवा पडला हितं!"

"माहीत हाय मला. मीच धरला व्हता." बांधावर गावातली माणसं जमली होती. त्यांच्यादेखत म्हणालो, मोठ्यानं.

दोनशे फूट गेलं, कोरडी पांढरी भुकटीच उडत होती. मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो, पाय एका जागी ठरत नव्हते. अडीचशे. जावयांनी पलीकडच्या बांधाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"थांबवू का, मामा?"

लेक दारातून उठून आली आणि तिनंच उत्तर दिलं, "चालू द्या."