सासूबाईंच्या नावाची हाक
साखरेत घोळलेल्या बडीशेपेचा वास आला की आखातातल्या माहूजमधलं घर आठवतं. ऐंशीच्या सुमारास तिथे आम्हाला मुलगी झाली, तेव्हा शेजारची डच बाई त्यांच्या रीतीप्रमाणे लोणी लावलेल्या टोस्टवर तशीच गुलाबी बडीशेप पेरून घेऊन आली. मला मुलीला माझ्या वारलेल्या आईचं नाव ठेवायचं होतं. शाळेची पायरीही न चढलेल्या तिने मला पदवीधर केलं होतं. "अहो, सासूबाईंच्या नावाने पोरीला रागवू कशी?" बायको अडून बसली. मी हे इंग्रजीत सांगताच डच बाई हसली, "आमच्यात आजीचंच नाव ठेवतात. मी दिवसभर सासूच्या नावाने ओरडते, मजा येते!" बायकोने ते नाव हळूच उच्चारलं आणि चटकन डोक्यावर पदर घेतला. पुढे रोज सकाळी जिन्यात त्याच नावाने बायकोची हाक घुमायची आणि पाठोपाठ तिथल्या अरबीत 'चल लवकर', "यल्ला, बस आली!" मला अजून वाटतं, त्या हाकेसरशी माझी आईच शाळेला निघायची.