सव्वाअकरा किलोंचा त्रिशूल

मी हिशेबी माणूस. चमत्कारांच्या गोष्टी निघाल्या की आजवर मी उठूनच जायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही जबलपूरच्या गढा भागात राहतो, मूळचे वर्ध्याकडचे. मी तीन वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला, तेव्हा बाबा नवस बोलले — पोरगा वाचला तर पचमढीच्या चौरागढावर महादेवाला खांद्यावरून त्रिशूल वाहून नेईन. मी वाचलो. नवस मात्र फॅक्टरीच्या नोकरीत राहून गेला. आता मी एक्कावन्नचा, बाबा एकोणऐंशीचे, हृदयात दोन स्टेंट.

जानेवारीत निघालो. पचमढी म्हणजे इंग्रजांनी वसवलेलं थंड हवेचं छोटं गाव. जुनं चर्च, छावणी, ज्यांच्यावरून नाव पडलं म्हणतात त्या पाच गुंफा, सूर्यास्ताला धूपगढ... मी दोन दिवसांची यादीच केली होती.

"गजू, मी काय पॉइंट पाहाले आलो काय?" बाबा म्हणाले. "काहून टाइमपास करून राहिला? त्रिशूल दे इकडं."

"बाबा, डॉक्टरांनी चढायला बंदी केली आहे."

"नवस डॉक्टर बोलला होता काय?"

मी दिला नाही. घरी काट्यावर तोलला होता — सव्वाअकरा किलो. गाडीत मीच चढवला, मीच उतरवला; बाबांचा हातही लागू दिला नाही. पायथ्याशी त्यांना खुर्चीत बसवलं, बायकोला, सुनंदाला, जवळ ठेवलं. बाबा तोंड फिरवून बसले.

नऊ चाळीसला उजव्या खांद्यावर त्रिशूल घेऊन निघालो. माझ्या मोजणीनं १३१८ पायऱ्या. वर हजारो त्रिशुलांत आमचा उभा केला, एक वाजता खाली आलो. पाय भरून आले होते. खांदा मात्र... काही उचललंच नसावं असा.

"लय जड होता रे," बाबा म्हणाले. राग गेला होता.

लॉजवर सुनंदानं हाक मारली, "अहो, मामाजींचा खांदा पाहा!"

बाबांच्या उजव्या खांद्यावर लाल वळ, कातडी सोललेली.

"कुठं आपटले?"

"आपटतील कुठं? चहा प्यायले, बसून राहिले. मी हलले का तिथून!"

वळ टेपनं मोजला. रुंदी दीड इंच. लोहाराला दांडा मीच दीड इंची सांगितला होता.

जबलपूरला डॉक्टर मलाच रागावले, "इनसे इतना वजन क्यों उठवाया?"

घरी सुनंदा हळद लावायला गेली, तर बाबांनी तिचा हात धरला.

"राहू दे बेटा. नवस माझा होता."