जमनाची शिव्यांची वही

जमना नव्या मुलींना मराठी शिकवायची ती शिव्यांपासून. नाव-गाव नाही, अंक नाहीत, फळं-फुलं तर नाहीतच. कापूस वेचायला सातपुड्यापलीकडून आलेल्या कुटुंबातली एखादी पोरगी अंग चोरून शेवटच्या बाकावर बसली, की जमना तिच्याजवळ सरकायची, दोनशे पानी वही उघडायची आणि पहिला शब्द द्यायची, भैताड, म्हणजे येडपट. मग मठ्ठ. मग उपरी.

मी त्या शाळेत मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत हा वर्ग कानावर पडला तेव्हा माझं डोकंच फिरलं. "जमना, हे काय शिकवतेस? आपल्या भाषेत चांगले शब्द नाहीत का?"

ती उठून उभी राहिली. उंच, सडपातळ, बोटांच्या टोकांना बोंडांची टरफलं लागून पडलेले ओरखडे. "बाई, चांगले शब्द मंग शिकतीन ना त्या. पयले हे समजले पायजे. कोनी भैताड म्हटलं अन आपल्याले समजलं नाई, तं आपन हसतो. मंग सारे अजून हसते. मी आली तवा आठ दिवस हसत होती."

खरं तर मला हे कळायला हवं होतं. माझं माहेर बीबीचं. लग्न होऊन मलकापूरला आले तेव्हा माझं बोलणं ऐकून इथल्या बायका पदराआड हसायच्या, आणि तेही एकाच जिल्ह्यात. पण आपलं दुखणं आपण फार लवकर विसरतो. मी मलकापूरहून बसने पाऊण तासावरच्या त्या हायस्कुलात जायची, शिकवायची, चारची बस धरायची आणि स्वतःला बरी बाई समजायची. मुलांवर हात उचलत नव्हते, आवाज चढवत नव्हते. याचा मला थोडा गर्वच होता.

जमना आली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या गावी, बऱ्हाणपूरकडच्या डोंगरात, आठवीपर्यंत शाळा. पुढे काही नाही. दिवाळीच्या सुमाराला आई-बापाबरोबर कापसाला आली आणि वेचा संपल्यावर शेतमालकाने त्यांना राखणीला ठेवून घेतलं. ती स्वतः चालत शाळेत आली, एकटी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला दाखला घेऊन. मोठ्या सरांनी तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "दाखला परराज्यातला आहे. तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते. ती आणा, मग नाव लिहू. तोवर बसू द्या नववीत."

'तोवर' हा शब्द किती लांबू शकतो, ते आमच्या शाळेत यावं आणि पाहावं. जमना रोज वर्गात होती आणि हजेरीपटावर नव्हती. मी हजेरी घ्यायची, शेवटचं नाव संपायचं, तरी ती "हजर" म्हणायची. मुलं हसायची. ती म्हणायची, "आहे तं आहे म्हनू नये का?"

त्या गावात तिला पहिली मैत्रीण मिळाली ती नसीम. नसीमचे वडील गाद्या-रजया भरायचे. तिला घरातली उर्दू-हिंदी यायची आणि गल्लीतली वऱ्हाडीही, म्हणून वहीतले अर्थ ती सांगायची आणि जमना लिहायची. दोघी मिळून नव्या मुलींना हापशावर न्यायच्या, कोणत्या रस्त्याने कुत्री मागे लागतात ते सांगायच्या आणि शाळा सुटल्यावर सगळ्यांना गोळा करून शेतांकडे निघायच्या. कुणी त्यांना हे काम दिलं नव्हतं. शासनाच्या कागदावर अशा मुलांसाठी बरंच काही लिहिलेलं असतं. ते कागद आमच्या कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवाळीला रमली आली, तीही बऱ्हाणपूरकडचीच. जमना आता दहावीत बसत होती, नसीम नववीत, रमलीला आठवीत बसवलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "घरचे काय करतात गं?" पुढच्या मुलीने तिच्या वतीने उत्तर दिलं, "कापूस वेचतात, बाई." रमलीला त्यातलं 'कापूस' कळलं, आणि 'वेचतात' हे 'बेचते' असं कळलं. ती नवल वाटून म्हणाली, "हम रोज कपास बेचते हैं? तो फिर मुझे चप्पल क्यूँ नहीं?"

सगळा वर्ग हसून हसून लोळला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. रमली दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी जमना नसीमला आणि आणखी तिघींना घेऊन तिच्या झोपडीवर गेली. काय बोलली ते नसीमने नंतर मला सांगितलं. "हसनारे उद्या दुसऱ्याले हसतीन. पन तू नाई आली तं बाकावर माह्याजवळ कोन बशीन?" रमली आली. वहीत नवी ओळ पडली, 'वेचना, मतलब बीनना. बेचना तो मालिक का काम.' ती ओळ वाचून मात्र मला हसू आलं नाही.

दहावीचा फॉर्म भरायची वेळ जवळ येत होती. जमना दर सोमवारी माझ्याकडे यायची. "बाई, त्या सहीचं काय झालं?"

"पाहू हं, जमना."

"बाई, तुमी एक डाव जासान का तिकडं? माह्या बापाले हापिसात कोनी उभं नाई करत."

"पाहू. घटक चाचणी संपू दे."

मला तिला खरंच मदत करायची होती. हे मी शपथेवर सांगेन. मलकापूरहून बऱ्हाणपूरला जाऊन यायला एक दिवस. पण एका शनिवारी पाहुणे आले, एका शनिवारी निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं, एकदा पाठ धरली. मोठ्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही कशाला धावपळ करता? करू काहीतरी." मी जमनाचा चेहरा पाहायची आणि मायेने म्हणायची, "पाहू आपण." ती मान हलवून परत जायची. बाकावर काहीतरी कुजबुज व्हायची, मुली खुदकन हसायच्या. मला वाटायचं, चला, पोरी आनंदात आहेत.

आणि त्या वर्षी बोंडअळी आली. बीटीच्या कापसाला बोंडअळी लागत नाही, असं बियाण्याच्या दुकानापासून पारापर्यंत सगळे सांगत होते. गुलाबी अळीला ते कुणी सांगितलं नव्हतं. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि पिवळी पडलेली सरकी. एका वेच्यातच कापूस आटोपला. मालकाने उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातला. ज्या शेतात राखायला काही उरलं नाही, तिथे राखणदार कशाला? जमनाच्या बापाला गुजरातेत काम लागलं. फॉर्मची मुदत संपून तेव्हा चार दिवस झाले होते.

ती निरोप घ्यायला शाळेत आली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझे डोळे भरून आले होते. "तू काळजी करू नकोस. पुढच्या वर्षी बाहेरून बसता येतं. पाहू आपण."

जमना हसली. अगदी मनापासून हसली, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या रमली आणि नसीमही हसल्या. "हाव बाई," ती म्हणाली. मग तिने वही नसीमच्या हातात दिली आणि शेतांच्या रस्त्याला लागली. त्यानंतर तिची काही खबर नाही.

मी वर्षभर सगळ्यांवर चिडले. मोठ्या सरांवर, नियमांवर, अळीवर, बियाणं विकणाऱ्यांवर. स्टाफरूममध्ये मी इतकी तावातावाने बोलायची, की लोक चहा घेऊन व्हरांड्यात जायचे.

पुढच्या दिवाळीला रमलीचे आई-बाप पुन्हा कापसाला आले. रमलीला आता नववीत बसायचं होतं. शेवटच्या बाकावर तिच्याजवळ एक नवी पोरगी होती, नखं खात बसलेली, आणि नसीम दहावीत गेली तरी मधल्या सुट्टीत वही घेऊन तिथेच. रमली माझ्यासमोर आली. हातात तशीच प्लॅस्टिकची पिशवी, तसाच दाखला. "बाई, माझं नाव लिवता का पटावर?"

"पाहू हं, रमली."

ती बाकावर परत गेली. नव्या पोरीने तिला हळूच विचारलं, "क्या बोली?"

रमली दप्तर आवरत म्हणाली, "नहीं बोली."

"मी नाही कुठे म्हटलं?" मी तिथूनच ओरडले. माझा चढलेला आवाज त्या वर्गाने पहिल्यांदाच ऐकला. रमली घाबरून नसीमकडे पाहू लागली. नसीमने वही उघडून माझ्यापुढे धरली. भैताड, मठ्ठ, उपरी यांच्याच पानावर, खाली, जमनाच्या किरट्या अक्षरात एक ओळ होती.

'पाहू, मतलब नहीं. बाई बोलती है. बुरा मत मानना, प्यार से बोलती है.'

शिव्यांच्या पानावर माझा शब्द होता. आणि माझ्या बाजूने दोन शब्द बोलणारीही तीच, जिचं वर्ष मी घालवलं. मला तिचा राग आला, इतका राग आला की पोरी, एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, असं म्हणत मी मनात तिच्याशी भांडले. मग आठवलं, ती दर सोमवारी येत होती. आणखी कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि रमलीचा दाखला घेऊन सकाळची गाडी धरली. बऱ्हाणपूरच्या कार्यालयात बाबूने कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "देखते हैं, मैडम."

मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. मी समोरच्या बाकावर बसले. तो म्हणाला, साहेब नाहीत, मी बसले. तो म्हणाला, जेवणाची सुट्टी आहे, मी बसले. शेवटी वैतागून त्याने कागद आत नेला आणि सही-शिक्क्यासह आणून माझ्या हातात ठेवला.

त्या कार्यालयात सगळे मिळून साडेतीन तास लागले. जमनाला मी वर्षभर 'पाहू' म्हणत होते.