आलेखातला खड्डा

तंबाखूचा वास नाकात शिरला की मला तो आलेख आठवतो. निपाणीत आई तंबाखू निवडायची त्या वखारीत हातगाडीवर अल्ट्रावाइडबँड रेडिओ ठेवून, गाडी ढकलत, चालताना सिग्नल कसा बदलतो ते मी महिनाभर मोजून त्याचा आलेख काढला होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी माझं नाव गाळून ते सगळं बेळगावच्या परिषदेत स्वतःचं म्हणून मांडलं. मी मागून उठून विचारलं, "सर, मध्येच सिग्नल एवढा का पडतो?" ते भिंतींमुळे सिग्नल अडतो असं सांगत राहिले. मी म्हटलं, "तिथं माझी आई बसली होती, सर, तिच्या अंगानं सिग्नल अडला. बाजूला हो म्हटलं तर म्हणाली, 'माझी जागा हाय ही, मी न्हाय उठणार.'" सभागृह हसलं, सर पाणी प्यायले. आई आता म्हणते, माफ कर गं त्यांना. मी न्हाय करणार.