पडद्याची मागची बाजू

तुरुंगाच्या भिंती कितीही उंच असल्या तरी सत्य त्यांच्यावरून बाहेर येतंच. काष्टीत ते बाजारच्या दिवशी, दिवेलागणीला, सरकारी प्रसिद्धी खात्याच्या जीपमधून येत असे.

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी तिथं शिक्षक होतो. खात्यानं तुरुंगातल्या जीवनावर माहितीपटांची मालिका काढली होती. एका बाजारी कैद्यांचं विणकाम, दुसऱ्या बाजारी त्यांची प्रार्थना. कैद्यांची प्रतिष्ठा जपायची म्हणून चेहरे कुठंच नव्हते. पाठी होत्या, टोप्या होत्या, हात होते.

पडदा चावडीपुढं बांधत. पुरुष पुढून बघत, बाया मागून. कापड पातळ, त्यामुळे चित्र दोन्हीकडं दिसे. मागून फक्त उलटं.

बायांत एक विधवा असे. तिचा एकुलता एक मुलगा बांधावरच्या मारामारीत लांबच्या तुरुंगात गेला होता. तेव्हापासून ना भेट, ना निरोप. तो धड आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

तिसऱ्या भागात कैद्यांची पंगत आली. एक रुंद खांद्यांचा पाठमोरा कैदी भाकरी कुस्करून खात होता. मागून आरोळी आली, "आगं, त्योच! माझा डावरा! बघा की, डाव्या हातानं जेवतोय!"

पुढं बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो उजव्या हातानं जेवताना दिसत होता. कुणी बोललं नाही.

मग ती भेटेल त्याला सांगू लागली, "ल्हानपनी हातावर चटके दिले मी, तरी डावा सोडला न्हाई त्यानं. पन पोटभर जेवतोय बरं का!" सरपंच त्या दिवशी परगावी होते, त्यांना हे ऐकूनच गहिवर आला. त्यांनी तोच भाग पुन्हा मागवला आणि तिच्यासाठी पुढं, खात्याच्या अधिकाऱ्यांशेजारी, खुर्ची मांडली.

मी सरपंचांना म्हणालो, "तिला मागंच बसू द्या."

"वा गुरुजी! आईला मागं बसवायची व्हय? ह्येच शिकवता का पोरास्नी?"

खरं कारण सांगायला तोंड उघडलं, तोवर ती धुतलेलं लुगडं नेसून समोर आली होती.

पंगत आली. ती खुर्चीतून पुढं वाकली.

"हात बदलला त्याचा," ती म्हणाली.

"सुधारणा म्हणतात ती हीच, बाई," अधिकारी खूश होऊन म्हणाले.

"चटक्यानं बदलला न्हाई त्यो, गुरुजी," ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली. "लई मारलं आसंल."

तो तुझा नव्हेच, असं सांगितलं तर मार वाचत होता; पण मुलगाही जात होता. मी पडद्याकडं बघत राहिलो.

पुढच्या बाजारी माहितीपट रासायनिक खतांवर होता. तिची खुर्ची मांडलेली होती. ती मागं जाऊन बसली.